गुजरातचा कित्ता गिरवताना खवा भट्टी मोडायची का?

मूळ मत (लातूर): गुजरातला समुद्रकिनारा आहे म्हणून तिथला शेतमाल विकला जातो, हे कारण आता पुरे झाले. तिथल्या खेडा जिल्ह्याचा सहकारी दूधसंघ (आजचा ‘अमूल’) १९४६ साली बंदराच्या नव्हे, शेतकऱ्यांच्या बळावर उभा राहिला. गीरच्या केसर आंब्याचा रस डबाबंद होऊन विकला जातो. मराठवाड्याच्या केसरला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळूनही आपण बाग व्यापाऱ्याच्या हवाली करतो. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम परिसरातल्या, दूध आटवून खवा करणाऱ्या भट्ट्या बंद करून सगळे दूध एका संघाला घातल्याखेरीज आपली सुटका नाही.

उत्तर (भूम): दादा, आंब्याबद्दल आपण लिहिले ते मान्य, पण भट्ट्यांवर बोट ठेवलेत म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे. संकलन केंद्रावर आमच्या म्हशीच्या दुधाला ‘फॅट लागत नाही’, म्हणजे स्निग्धांश कमी भरतो, असे सांगून दर कापला जात असे. तेच दूध भट्टीवर नेले, तेव्हा भट्टीवाल्याने ते कढईत आटवून समोरच खव्याचा उतारा तोलला आणि त्यावर दर ठरवला. साधारण पाच लिटरला किलोभर खवा पडतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. तिथे फसवायला जागा उरत नाही. दुष्काळात दावणीची जनावरे विकावी लागली नाहीत ती या भट्टीमुळे.

उत्तर (जालना): तुम्हाला निदान भट्टी तरी आहे. आमच्या मोसंबीलाही मानांकन आहे, तरीही झाडावरच सौदा होतो आणि भाव पडला की व्यापारी तोडीला फिरकत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात बागा जळाल्या, तेव्हा आमच्या वडिलांनी स्वतः कुऱ्हाड चालवली. दुधाचे भांडण तुम्ही दोघे मिटवा, पण रसाचा कारखाना आम्हाला कोण देणार?

मूळ मत (लातूर): मोसंबीचा प्रश्न रास्त आहे, मात्र तो इथे आणून विषय भरकटवू नका. भूमच्या भाऊंना विचारतो, लाकडे जाळून, धुरात डोळे चुरचुरवत बायकांनी कढई ढवळत राहायचे, हे आपल्याला चालते?

उत्तर (भूम): चालत नाही, आणि बायकांच्या डोळ्यांची काळजी आम्हाला आपल्याहून कमी नाही. म्हणूनच भट्टीवाल्यांचा संघ करून धूर नसलेल्या भट्ट्या आणि शीतगृह मागतो आहोत. खवा नासू लागला की पडेल त्या भावाने द्यावा लागतो. खेडा जिल्ह्याच्या संघानेही १९५५ मध्ये दूध भुकटीचा कारखाना काढला, तो हिवाळ्यातले जास्तीचे दूध वाया जाऊ नये म्हणूनच. आमचा खवा याहून वेगळे काय करतो?

मूळ मत (लातूर): भट्टीवाल्यांचाच संघ होणार असेल, तर भट्ट्या मोडण्याचा आग्रह मी सोडतो. मात्र दुधाची मोजणी सभासदांसमोर झाली पाहिजे आणि हिशेब गावात वाचला गेला पाहिजे, यावर मी अडून राहणार.