आतड्याचे ‘प्रसरण’ की ‘शिथिलन’?

न्यूरोपेप्टाइडांवरच्या (चेतापेशींतून सुटणाऱ्या, प्रथिनांसारख्या पण छोट्या निरोप्या रेणूंवरच्या) एका लेखाचे मराठी करते आहे. ‘सबस्टन्स पी’ या न्यूरोपेप्टाइडमुळे आतड्याच्या अरेखित (आपल्या इच्छेविना चालणाऱ्या) स्नायूंचे आकुंचन होते, इथवर अडचण नाही. व्हीआयपी (व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड) या दुसऱ्या न्यूरोपेप्टाइडच्या परिणामाला मात्र मी ‘प्रसरण’ लिहिले आणि संपादकांनी त्यावर काट मारली. शाळेपासून आकुंचन-प्रसरण ही जोडीच ऐकत आलो. मग बिघडले कुठे?

› काट योग्यच आहे. स्नायूला स्वतःहून फक्त आखडता येते. लांबायचे तर त्याला दुसऱ्या कशाने तरी ताणावे लागते. व्हीआयपी चेतातंतूच्या टोकातून सुटते, स्नायुपेशीतले सायक्लिक एएमपी हे निरोप पोहोचवणारे रसायन वाढवते आणि पेशी ताण सोडते. हे झाले शिथिलन. त्यानंतर वरून ढकलले गेलेले अन्न तिथे शिरते आणि आतड्याची पोकळी रुंदावते. प्रसरण म्हणायचेच तर ते पोकळीचे. बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये हेच दाखवले होते: घासाच्या वरच्या बाजूला आकुंचन, खालच्या बाजूला शिथिलन. म्हणून तर अन्न पुढे सरकते.

› सबस्टन्स पीबद्दल थोडी भर. १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मेंदूचा आणि आतड्याचा अर्क काढला. क्षाराच्या द्रावणात टांगलेल्या सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर तो पडताच तुकडा आखडला. अ‍ॅट्रोपिन हे अ‍ॅसिटिलकोलीन या चेतारसायनाला अडवणारे औषध दिल्यावरही आखडणे थांबेना, म्हणजे हे काम अ‍ॅसिटिलकोलीनचे नव्हे, तर अर्कातल्या दुसऱ्या पदार्थाचे, म्हणजे सबस्टन्स पीचे! हा प्रयोग मला फार आवडतो. पेशीत कॅल्शियम वाढल्याने हे आकुंचन होते, हे नंतर कळले.

› मग न्यूरोपेप्टाइडला ‘संप्रेरक’ म्हटले तर चालेल?

› सरसकट नको. संप्रेरक रक्तातून दूरवर जाते. ही पेप्टाइडे चेतातंतूतून सुटून बहुधा शेजारीच काम करतात.

› अफूवर्गीय वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो, तिथे ‘आतडे शिथिल होते’ असे सर्रास लिहिलेले दिसते. ते बरोबर का?

› नाही, आणि हे आवर्जून दुरुस्त करावे. ही औषधे एन्केफॅलिन या न्यूरोपेप्टाइडांच्याच ग्राहींवर (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रेणूंवर) बसतात. अन्न पुढे ढकलणारी लाट मंदावते, पण शिथिलन घडवणारे चेतातंतूही दबल्याने स्नायूचा ताण उलट वाढतो आणि आतडे जागच्या जागी आवळत राहते. तिथे ‘आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल मंदावते’ असे सरळ लिहावे.