फोम रोलरने पोटरी मोकळी होते का? (नवरात्र तोंडावर, बडोदा)

दांडियाबाजारकर:
वय 47, दिवसभर बँकेची खुर्ची. मागच्या नवरात्रात तिसऱ्याच रात्री गरब्याच्या फेरीत डाव्या पोटरीत असा वांब आला की बायकोने ओढत बाहेर काढलं. उकिडवं बसलो तर टाचा टेकत नाहीत. लेकाने फोम रोलर, म्हणजे स्नायू रगडायचा फोमचा गोल लोड, मागवून दिला, काळा, काटेरी. तीन दिवस मांडीच्या बाहेरच्या अंगाला दहा-दहा मिनिटं फिरवला, आता तिथे काळंनिळं झालंय. आई म्हणते, घरात लाटणं नव्हतं का? काय चुकतंय?

फिजिओताई:
अहो, दुखणं पोटरीचं आणि रगडताय मांडी! बाहेरच्या अंगाला ती जाड पट्टी असते, रोलरने ती काही सैल होत नाही. निळं जाईपर्यंत तिथे हातच लावू नका. पोटरीवर 30 ते 60 सेकंद, सावकाश. गुडघ्यामागची खळगी आणि नडगीचं हाड सोडा. स्नायू याने लांब होत नाही, ताण सोसायला थोडा राजी होतो, तोही काही मिनिटांपुरता. म्हणून लगेच भिंतीला हात टेकून मागचा पाय ताणा: गुडघा सरळ ठेवून 30 सेकंद, मग तोच गुडघा वाकवून 30. वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू, सोलियस, ताणला जातो, टाच न टेकण्यात त्याचा हात असतो बरेचदा. दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस. शिरा फुगलेल्या असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रोलर नको, आधी डॉक्टर. आईंचं लाटणं चालेल, हलक्या हाताने.

जुना_पैलवान:
लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जोर-बैठका काढल्या, रोलर कुणी पाहिला होता? वांब दमलेल्या पोटरीत येतो, नुसतं ताणून काय होणार? पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर, मग अगदी हळू खाली, पायरीच्याही खाली. ताकद येते आणि ताणही बसतो.

फिजिओताई:
काकांचं बरोबर आहे. हे आजच सुरू करा, आदल्या दिवशी नव्हे. आणि गरब्याआधी एकाच जागी मिनिट-मिनिट ताणून उभे राहू नका, आधी पाच मिनिटं चाला.

दांडियाबाजारकर:
ताई, काका, आभार. काटेरी रोलर लेकाला परत, मऊ मागवलाय. काल जिन्यात बारा टाचा झाल्या. तेराव्याला खालचे पटेलभाई वर बघत म्हणाले, "कोनी राह जुओ छो?" (कुणाची वाट बघताय?)