टॉवर फुल, तरी कॉल लागेना

वर एकांनी लिहिलंय की येडेश्वरीच्या यात्रेत येरमाळ्याला टॉवर फुल दाखवत होता, पण कॉल काही लागेना, म्हणजे कंपनीनं मुद्दाम पावर उतरवली. नाही पटत. पावर उतरवली असती तर आधी मोबाइलवरच्या सिग्नलच्या दांड्याच कमी झाल्या असत्या. टॉवरचा सिग्नल आपल्यापर्यंत किती जोरात पोचतोय, एवढंच दांड्या सांगतात. आत जागा आहे का, हे नाही.

जुनं २जी घ्या. बोलणं वाहून नेणाऱ्या २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या एका लहरीत (वाहक लहर) वेळेचे ८ तुकडे, साध्या हिशोबात एका बोलणाऱ्याला एक. तीन लहरी असल्या तर २४ तुकडे, त्यातले एक-दोन नियंत्रणात, म्हणजे कॉल जोडण्यासारख्या निरोपांतच जातात. यात्रेला हजारो लोक! बरं, लहरी वाढवा म्हणावं तर शेजारच्या सेलमध्ये (म्हणजे टॉवर सांभाळतो त्या टापूत) तीच लहर वापरता येत नाही, एकमेकांत गोंधळ होतो. म्हणून गर्दीच्या ठिकाणी गाडीवरचा तात्पुरता टॉवर आणतात. सेल लहान केला की तीच लहर थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. ४जीत शेजारीही तीच लहर चालते, पण असलेल्या जागेची वाटणी तिथंही आहेच.

बालाघाटाच्या उतारावर मात्र वेगळीच गंमत. तिथं आपल्याला ऐकू येतं, समोरच्याला आपलं नाही. टॉवर वीसेक वॅटनं ओरडतो, ४जी मोबाइल फार तर ०.२ वॅटनं.

आणि यात्रेत २जीवर कॉल अडलाच तर एसएमएस टाकून बघा. तो नियंत्रणाच्या वाटेनं जातो, बोलण्याचा तुकडा त्याला लागत नाही.