नुसती साखर सोडून भागत नाही
वर कुणीतरी लिहिलंय की उतारवयात साखर बंद केली की विसरभोळेपणा थांबतो, पण एवढं सोपं नाहीये हो. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के पण एनर्जी खातो २० टक्के, त्यामुळे इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते), बीपी, कोलेस्टेरॉल सगळंच त्याला भोवतं आणि सुरुवात चाळिशी-पन्नाशीतच होते. फिनलंडच्या ‘फिंगर’ अभ्यासात (२०१५) आहार, व्यायाम, मेंदूला चालना आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र २ वर्षं केलं तेव्हा मेंदूच्या चाचण्यांमध्ये फरक दिसला, पण नुसत्या माइंड डाएटच्या (पालेभाज्या, बेरी, सुकामेवा असा मेंदूसाठीचा आहार) २०२३ च्या ट्रायलमध्ये ३ वर्षांनीही नेहमीचाच आहार थोडा कमी खाणाऱ्या दुसऱ्या ग्रुपपेक्षा खास फरक नव्हता. आणि प्लीज, घरात कुणाला मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या, ते कमी पडलं तरी विसरायला होतं आणि ती कमतरता भरून काढता येते.