दातांच्या दवाखान्यातल्या नव्या मशिनी खरंच पेशंटच्या कामाच्या की नुसता देखावा?

घाबरलेली_दाढ
खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालंय, आता कॅप बसवायचीय. मागे दुसऱ्या एका दाताच्या वेळी माप घेताना तो लगद्याने भरलेला ट्रे तोंडात कोंबला आणि मला असे उमासे सुटले की विचारू नका, डोळ्यातून धारा, असिस्टंट आपली "नाकाने श्वास घ्या, नाकाने श्वास घ्या" म्हणतेय, आणि एवढं करून माप बिघडलं म्हणून परत, मग परत, असं तीनदा. आता डॉक्टर म्हणतात ट्रे नको, स्कॅन करू. त्यात आईला खालच्या जबड्यात इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून त्यावर बसवायचा दात) सांगितलंय आणि त्यासाठी थ्रीडी एक्स-रे काढायचाय, तिला रेडिएशनची धास्ती. साधा एक्स-रे काढलाय ना, मग परत कशाला? खरंच उपयोग असतो की मशीन घेतलीय म्हणून वापरायची?

अक्कलदाढ_४८
मी डेंटिस्टच आहे त्यामुळे थोडं पाल्हाळ लागणार, सहन करा.

स्कॅनर म्हणजे जाडसर पेनासारखी कांडी, टोकाला कॅमेरा. दातावर उजेड टाकून भराभर फोटो काढते आणि सॉफ्टवेअर ते एकाला एक जोडत जातं, एक्स-रेचा काही संबंध नाही. तुमच्यासारख्यांचा खरा फायदा हा की मध्येच थांबता येतं. उमासा आला की कांडी बाहेर, दोन मिनिटं बसा, घोट पाणी प्या, जिथे थांबलो तिथून पुढे चालू. ट्रेचं तसं नाही, लगदा घट्ट होईपर्यंत तो तोंडातच, आणि मध्ये काढला की सगळं वाया. शिवाय (हे आम्ही फारसं बोलत नाही) घासलेली दाढ स्क्रीनवर एवढी मोठी दिसते की माझी स्वतःची चूक मलाच दिसते, कड कुठे ओबडधोबड राहिलीय ते कळतं आणि पेशंट खुर्चीत असतानाच दुरुस्त करता येते. पण कांडीला जे दिसतं तेवढंच ती टिपते. रक्त आलं, लाळ साचली किंवा कड हिरडीखाली लपली तर काही उपयोग नाही, हिरडी बाजूला सारायला बारीक दोरा भरावाच लागतो, तो आधीही लागायचा आणि आताही लागतो.

आता आईचं. साधा एक्स-रे म्हणजे सावली. हाडाची उंची दिसते, पण गालाकडून जिभेकडे हाड किती रुंद आहे ते कळत नाही. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते, खालचा ओठ आणि हनुवटीची संवेदना तिच्यावर, तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, म्हणून इम्प्लांट आणि नस यांच्यात निदान २ मिमी अंतर ठेवतात. ते मोजायला सीबीसीटी, म्हणजे तोच थ्रीडी एक्स-रे, हवा. रेडिएशन छोट्या एक्स-रेपेक्षा जास्त असतं, खोटं कशाला सांगू, पण ते किती भागाचा स्कॅन काढतोय यावर बरंचसं ठरतं, तर "लागतो तेवढ्याच भागाचा काढा" असं बिनधास्त सांगा. १८९६ मध्ये दातांचा पहिला एक्स-रे काढला तेव्हा तब्बल २५ मिनिटं एक्स-रे चालू ठेवावे लागले होते, आज एका दातासाठी सेकंदाचा एक अंश पुरतो. फिल्म जाऊन १९८७ च्या सुमाराला आरव्हीजीचा (डिजिटल एक्स-रेचा) सेन्सर आला तेव्हा डोस आणखी उतरला, आणि फिल्म धुवायची वाट बघणंही गेलं.

लॅबमधला_गडी
मी कॅप बनवतो, पेशंट कधी दिसत नाही, फक्त दात दिसतात. ट्रेमधल्या अल्जिनेटमध्ये (तोच मापाचा लगदा) पटकन प्लास्टर ओतलं नाही की त्यातलं पाणी उडतं आणि माप आकसतं, मग प्लास्टरमध्ये बुडबुडा नेमका कडेवर. कॅप बसत नाही, डॉक्टर घासतायत, पेशंट वैतागलाय, आणि शिव्या आम्हाला. स्कॅनची फाईल आली की मी लगेच उघडून बघतो, कड तुटलेली दिसली की फोन, पेशंट अजून खुर्चीतच असतो. झिरकोनियाची (एक कडक सिरॅमिक) कॅप आम्ही २० ते २५ टक्के मोठी कापतो कारण भट्टीत ती आकसते, ते गणित सॉफ्टवेअर बरोबर करतं पण मूळ स्कॅन चुकीचा असेल तर चूकही तेवढीच बरोबर निघते 😄. आणि तोंडात एकही दात नसेल, हिरडी लिबलिबीत असेल तर कवळीसाठी मी अजूनही ट्रेच मागतो.

दात_ओठ_खाऊन
सगळं गोड गोड चाललंय म्हणून माझंही ऐका. एका ठिकाणी एक्स-रे एआयच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, चार दाढांवर लाल चौकटी. चारही भरायच्या म्हणे. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आरशाने बघितलं, वाळवून बघितलं, म्हणाले दोन चौकटी म्हणजे जुन्या सिमेंटच्या कडेची सावली, एक कीड फक्त वरच्या कवचात आहे तिला फ्लोराईड लावून नजर ठेवू, भरायची एकच. बाकी स्क्रीनभर मोठी करून दाखवली की कुठलीही दाढ भयानकच दिसते हो.

अक्कलदाढ_४८
@दात_ओठ_खाऊन दुसऱ्या डॉक्टरांनी बरोबर केलं. कवचातली कीड खड्डा पडला नसेल तर थांबवता येते, लगेच कोरायची मशीन लावायची गरज नसते. चौकट म्हणजे "इथे नीट बघा" एवढंच. मला डिजिटलचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावता येण्याचा, डाग वाढलाय का तसाच आहे ते त्याच मिनिटाला पेशंटलाही दिसतं. कोणी भरायला सांगितलं तर मागचा एक्स-रे उघडायला लावा.

घाबरलेली_दाढ
सगळ्यांना धन्यवाद. स्कॅन झाला, दोनदा थांबवला, पाणी प्यायले, एकदाही उमासा पूर्ण आला नाही. दोरा मात्र भरला आणि तो टोचला, त्याबद्दल सांगितलं होतंत म्हणून गप्प बसले. आईने "तेवढ्याच भागाचा काढा" असं सांगितल्यावर तिथल्या मुलीने मान डोलावली आणि खरंच छोटाच काढला. स्क्रीनवर नस दाखवली तर आई म्हणते, एवढी जवळ आहे होय, मग आखूडच स्क्रू घाला. डॉक्टरही म्हणाले आखूडच घालणार होतो.