पुण्याच्या ‘थंडी’त खमरा मारणाऱ्यांनो, एक मिनिट

नाकपुडी: काल इथे एकाने ठोकून दिलंय, “लताफा कंपनीचा खमरा परफ्यूम म्हणजे हिवाळ्याचा राजा. पुण्यात डोळे मिटून पाच स्प्रे मारा.” अहो, कुठला हिवाळा? जानेवारीत सकाळी १२ अंश, दुपारी ३०. त्यातली खजूर, प्रालीन (साखरेत घोळवलेला सुकामेवा), व्हॅनिला ही जड मंडळी गारठ्यात सावकाश उडतात म्हणून सुरेख लागतात. उन्हात तीच एकदम अंगावर येतात. निघताना बासुंदी, दुपारी हिंजवडीच्या बसमध्ये पाकात बुडवलेला माणूस. मी महिनाभर वापरलाय. दोनेक तासांनी दालचिनी निवते आणि मनगटावर खजूर उरतो, तो मला मनापासून आवडतो. तक्रार बाटलीची नाही, पाच स्प्रेंची आहे.

मफलरवाला: तो ‘एक’ मीच, नाव घ्या की! पहाटे सहाला दुचाकीवरून विद्यापीठ रस्त्याने जाऊन दाखवा, मग विचारा कुठला हिवाळा. आणि गोड वासाला नाक मुरडणं जुनंच आहे. मुग्लरचा १९९२ चा गोड परफ्यूम, एंजल, अजून विकला जातोय.

नाकपुडी: एंजलमध्ये एथिल माल्टॉल या साखरेच्या वासाच्या रसायनाच्या पाकाला पॅचौली या पानाच्या मातकट तेलाने धरून ठेवलंय, नाहीतर नुसती म्हातारीच्या केसांची गाडी झाली असती. उदाहरण तुमचं, मुद्दा माझा. आभारी आहे.

काहील: करपायला आलेल्या साखरेच्या वासाला लोक हजारो मोजतात! आमच्याकडं कोल्हापूरला या, गुऱ्हाळं पेटलीत. चुलवाणापाशी तासभर उभं राहा, काकवीचा वास स्वेटरात चार दिवस टिकतो. फुकट.

मफलरवाला: त्या गुळात पावडरी किती घालता तेही सांगा.

काहील: घालायला कोण लावतं? तुम्हीच! दुकानात गेलात की “पिवळाधमक द्या.” माझे वडील रानभेंडीच्या चिकावर रसातली मळी काढायचे, गूळ काळपट निघायचा. पुण्याच्या व्यापाऱ्याने एका हंगामात अर्धा माल परत धाडला, रंग नाही म्हणून. तेव्हापासून आम्हीही हायड्रॉस, रंग उजळवणारी पावडर, टाकतो. शिकवू नका.

नाकपुडी: धागा अत्तराचा आहे हो…

काहील: मग वासावरच बोलतोय! पिवळ्या गुळाला वास येतो का? हुंगून बघा एकदा.

बर्फाळ बाई: टोरांटोहून. उणे १५ मध्ये खमरा स्कार्फवर मारला की बाहेर काहीच कळत नाही. आत हीटर, कोट काढला की लिफ्टभर शिरा. कित्येक ऑफिसांत ‘सेंट फ्री’ची, म्हणजे अत्तर लावून येऊ नका अशी पाटी असते. मी शनिवारीच लावते, दोनदा, तेही मुलगी ओरडते म्हणून गॅलरीत जाऊन. तेव्हा खऱ्या थंडीचं कौतुक दोघांनीही आवरा.

मफलरवाला: बरं बाई, पाचाचे तीन केले. झालं समाधान? काहील, रागावू नका, काळा गूळ कुठे मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नाकपुडी: तीनही जास्तच. गुळाचा पत्ता मलाही.