मॉडेल रेल्वेचे निळे आयसीएफ (चेन्नईच्या डबा कारखान्याच्या जुन्या धर्तीचे) डबे खेळण्यातले वाटतात, काय करावं?

सांगलीकर_रेल: नमस्कार मंडळी. एचओ स्केलमधे (१:८७) महालक्ष्मी एक्सप्रेसचा जुना निळा रेक (गाडीच्या डब्यांची आख्खी रांग) करतोय. डबे मापात आहेत, रंगपण बरोबर आहे, तरी रुळावर ठेवले की नुसतं प्लास्टिक दिसतं, मिरज जंक्शनला उभी असलेली गाडी काय डोळ्यासमोर येत नाही. आधी कशाला हात घालू? एअरब्रश (रंग फवारायचं यंत्र) नाहीये.

मिरज_यार्ड: एअरब्रश राहू दे भावा, आधी खिडक्या बघ. सगळ्या एकसारख्या बंद असल्या की डबा रिकामा वाटतो. खऱ्या स्लीपरला एकीची काच खाली, शेजारी पत्र्याचं शटर ओढलेलं, तिसरी सताड उघडी आणि नुसते गज, असं असतं बघ. काही काचा अर्ध्या काप, शटरला करड्या कागदावर पेन्सिलनं आडव्या रेघा मार. गजांना बारीक पितळी तार घे पण ०.३ मिमीच्या वर जाऊ नको, १:८७ ला तीच २६ मिमीची सळई होते. आणीबाणीच्या खिडकीला गज नकोत. एसी डब्याला यातलं काहीच करायचं नाही, गडद काच लावली की झालं.

सातारा_लोको: खिडक्यांचं अगदी खरं. त्यानंतर धूळ. पेस्टल खडू सँडपेपरवर घासायचा, भुकटी मऊ ब्रशनं लावायची, बोगीवर (म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर) आणि डब्याच्या खालच्या कडेला ब्रेकची तांबूस धूळ, छतावर काळपट करडी. वरून मॅट वार्निशचा स्प्रे, पण काचा बसवायच्या आधीच मारा नाहीतर काचा धुरकट होतात. आणि कृपा करून सगळे डबे सारखे मळवू नका, पीओएच (ठरावीक मुदतीनं होणारी मोठी दुरुस्ती) होऊन आलेला एखादा चकचकीत डबा रेकमधे असतोच आणि त्यानंच रेक खरा वाटतो.

सांगलीकर_रेल: भारी! आतले लाईट फडफडतात त्याचं काय? आणि नंबर कुठले टाकू?

कराड_डीसी: ब्रिज रेक्टिफायरनंतर (रुळावरची वीज एकाच दिशेची करणारा भाग) एलईडीच्या लाईनला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, २५ व्होल्टचा. चाकं पुसत जा, निम्मी फडफड तिथंच असते. वजनपण बघा, एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या हिशोबानं २४५ मिमीच्या डब्याला साधारण १६५ ग्रॅम येतं, त्याहून हलका डबा रुळावर उड्या मारतो. जुन्या पाच आकडी नंबरात पहिले दोन आकडे बांधणीचं साल, शेवटचे तीन डब्याचा प्रकार. स्लीपर २०१ ते ४००, जनरल ४०१ ते ६००. बाजूला म.रे. (मध्य रेल्वे) विसरू नका.

सांगलीकर_रेल: मग ९८ सालचा स्लीपर म्हणून ९८२३७ टाकतो. शटरं रविवारी कापायला घेतो, फोटो इथंच टाकीन.